ल्युकेमिया आणि रक्तपेशींच्या वाढीचे सिग्नल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युकेमियाच्या रिपोर्टमध्ये आता नुसते काउंट नसतात, जॅक२, एफएलटी३, एनपीएम१ अशी जीन्सची नावं पण असतात, आणि ती वाचून माणूस आधीपेक्षा जास्तच घाबरतो. त्या नावांच्या मागे काय चाललेलं असतं ते इथे सोपं करून लिहिलंय. औषध कुठलं घ्यायचं ते यावरून ठरवू नका, ते तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरचं काम आहे. पण डॉक्टर काय बोलतायत ते कळायला याची मदत होईल.

रक्तपेशींना मुळात "वाढा" असं सांगतं कोण?

शरीर रोज साधारण २० हजार कोटी नव्या तांबड्या पेशी बनवतं, म्हणजे सेकंदाला वीस लाखांच्या वर, आणि हे सगळं बोनमॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या थोड्याशा स्टेम सेल्सपासून (मूळ पेशींपासून) सुरू होतं. एवढं मोठं काम कोणाच्या हुकुमाशिवाय चालणं शक्यच नाही. तो हुकूम म्हणजे ग्रोथ फॅक्टर, रक्तातून फिरणारी प्रोटीन्स.

तांबड्या पेशींसाठी एरिथ्रोपोएटिन, ते किडनी बनवते. ऑक्सिजन कमी पडला की किडनीला कळतं आणि ती जास्त सोडते. प्लेटलेटसाठी थ्रॉम्बोपोएटिन, ते मुख्यतः लिव्हर बनवतं आणि त्याचा हिशोब भारी आहे: प्लेटलेट स्वतःच ते शोषून घेतात, म्हणजे प्लेटलेट भरपूर असतील तर रक्तात हार्मोन थोडं उरतं, प्लेटलेट घटल्या की ते शिल्लक राहून बोनमॅरोपर्यंत जातं. वेगळं मीटर बसवायची गरजच नाही. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिलसाठी जी-सीएसएफ (ग्रॅन्युलोसाइट कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर).

हे फॅक्टर सापडले कसे?

फार चिकाटीने. १९६० च्या दशकाच्या मध्यात मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ आणि रे ब्रॅडली यांनी उंदराच्या बोनमॅरोच्या पेशी आगरच्या जेलमध्ये वाढवल्या, आणि इस्रायलमध्ये लिओ सॅक्स यांचा ग्रुप स्वतंत्रपणे तेच करत होता. दोघांनाही एकच गोष्ट दिसली, की शेजारी दुसऱ्या पेशी ठेवल्या आणि त्यांच्यातून "काहीतरी" झिरपलं तरच कॉलनी तयार होते, नाहीतर पेशी मरून जातात. ते "काहीतरी" म्हणजे कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर. ते शुद्ध करायला पुढे दीड-दोन दशकं गेली.

एरिथ्रोपोएटिनची कथा तर अजून वेडी आहे. रक्तातून असं काहीतरी फिरतंय ही कल्पना १९०६ ची, पण शुद्ध प्रोटीन हातात आलं ते १९७७ मध्ये, मियाके, कुंग आणि गोल्डवासर यांच्या कामातून, तेही अप्लास्टिक अॅनिमियाच्या पेशंटच्या २५५० लिटर लघवीतून! मिळालं किती, तर मोजके मिलिग्रॅम. तेवढ्यावरून पुढे जीन सापडला, १९८५ मध्ये क्लोन झाला आणि १९८९ मध्ये औषध म्हणून मंजूर झाला. किडनी फेल झालेल्या लोकांना दिलं जाणारं "ईपीओ इंजेक्शन" ते हेच.

सिग्नल पेशीच्या आत कसा पोचतो?

ग्रोथ फॅक्टर पेशीच्या आत जात नाही. तो बाहेरूनच रिसेप्टर नावाच्या प्रोटीनला चिकटतो, दारावरची बेल दाबावी तसा, आणि पुढचा सगळा गोंधळ घरात होतो. दोन रिसेप्टर जवळ येतात, त्यांच्या आतल्या टोकाला लागलेलं कायनेज नावाचं एन्झाइम चालू होतं, ते दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेटचा छोटा तुकडा बसवतं, ते प्रोटीन पुढच्यावर, असं करत करत निरोप न्यूक्लियसपर्यंत जातो आणि तिथे कुठले जीन चालू-बंद व्हायचे ते ठरतं. एरिथ्रोपोएटिन, थ्रॉम्बोपोएटिन आणि जी-सीएसएफ यांच्या रिसेप्टरना स्वतःचं कायनेज नसतं, ते जॅक२ नावाचं कायनेज वापरतात. एफएलटी३ किंवा किट यांसारख्या रिसेप्टरमध्ये मात्र कायनेज अंगचंच असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि काम झालं की फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स येतात, रिसेप्टर आत ओढून नष्ट केला जातो, म्हणजे सिग्नल बंद करायची सोय चालू करायच्या सोयीइतकीच पक्की असते. रक्ताच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये ही बेल दाबलेल्या अवस्थेतच अडकते.

मग ल्युकेमिया म्हणजे नुसती जोरात वाढ का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. नॉर्मल रक्तपेशी तीन गोष्टी करते: वाढते, पिकते म्हणजे मॅच्युअर होते, आणि वेळ आली की मरते. यातलं काहीही बिघडू शकतं. अक्यूट ल्युकेमियात वाढीपेक्षा मोठा घोळ असतो तो पेशी पिकतच नाही हा. ब्लास्ट म्हणजे अर्धवट राहिलेल्या पेशी, ज्या इन्फेक्शनशी लढत नाहीत, दुसरंही काही काम करत नाहीत, नुसत्या बोनमॅरोमध्ये जागा अडवून बसतात. म्हणून पांढऱ्या पेशींचा काउंट लाखभर असतानाही पेशंटला इन्फेक्शन होतं, हिमोग्लोबिन पडतं, प्लेटलेट पडतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, सुरुवातीला पेशी पिकतात व्यवस्थित, फक्त संख्या बेसुमार. आणि क्रॉनिक लिम्फोसायटिकमध्ये, सीएलएलमध्ये, मरायची वेळ आली तरी पेशी मरत नाहीत हा भाग मोठा असतो.

म्हणून "ल्युकेमियावर काय औषध" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. आधी विचारायचं, कुठला सिग्नल बिघडलाय?

फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणजे काय? सीएमएलवाले सगळे त्याचंच बोलतात.

बोलणारच, कारण कॅन्सर जीन्समधल्या बिघाडामुळे होतो याचा पहिला ठसठशीत पुरावा तो होता. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींमध्ये एक नेहमीपेक्षा आखूड क्रोमोसोम दिसला. तेव्हा वाटलं की तुकडा तुटून हरवला असेल. १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी दाखवलं की हरवलेलं काही नाही, ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्यात ९ वरचा एबीएल जीन २२ वरच्या बीसीआरला जाऊन चिकटतो, दोघांचं मिळून एक प्रोटीन बनतं. एबीएल हे कायनेज आहे, एरवी आवरात असतं. बीसीआर जोडला गेला की तो आवर जातो आणि ते बाहेरून काहीही सिग्नल नसताना चोवीस तास चालू राहतं. १९९० मध्ये हा एकच जोडजीन उंदरांच्या बोनमॅरोत घालून सीएमएलसारखा आजार तयार करून दाखवला गेला, म्हणजे हा जीन नुसता सोबती नाही, खरा कारणीभूत आहे हे पक्कं झालं.

पुढचं पाऊल म्हणजे ते कायनेज बंद करणारा रेणू शोधणं. तेव्हा बऱ्याच जाणकारांना हे जमेल असं वाटत नव्हतं, कारण शरीरात शेकडो कायनेज आहेत आणि सगळ्यांची एटीपी (पेशीतलं इंधन) धरायची जागा साधारण सारखीच दिसते, एकाला अडवायला जाल तर बाकीचे पण अडतील. सिबा-गायगी कंपनीत निकोलस लिडन यांच्या टीमने तरीही असा रेणू बनवला आणि ब्रायन ड्रुकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर तपासला. हेच इमॅटिनिब. जून १९९८ मध्ये माणसांवर पहिली ट्रायल सुरू झाली. इंटरफेरॉनचा, म्हणजे त्याआधीच्या औषधाचा, उपयोग न झालेले जे ५४ पेशंट ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोसवर होते त्यातल्या ५३ जणांचे काउंट नॉर्मल झाले. पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये असले आकडे कुणी पाहिलेच नव्हते. मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी. मोठ्या ट्रायलमध्ये दहा वर्षांनी साधारण ८३ टक्के पेशंट हयात होते, जो आजार आधी काही वर्षांत जीव घ्यायचा त्यात!

मग गोळी आयुष्यभर घ्यायची का?

बहुतेकांना खूप वर्षं. पण ज्यांच्यात पीसीआरवर (अगदी थोडा उरलेला जीनही पकडणारी तपासणी) बीसीआर-एबीएल सलग दोन-तीन वर्षं सापडतच नाही, अशा निवडक लोकांमध्ये गोळी थांबवून बघितली जाते. २०१० मध्ये आलेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात साधारण ४० टक्के लोक गोळीशिवाय राहू शकले, बाकीच्यांमध्ये आजार परत दिसला, तोही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी परत सुरू केल्यावर तो पुन्हा आवाक्यात आला. हे सगळं दर महिन्याच्या पीसीआरच्या पहाऱ्यात झालं. मनाने गोळी बंद करणं ही वेगळी गोष्ट आणि ती धोक्याची आहे.

औषध चालेनासं का होतं?

गोळ्या चुकवणं हे एक कारण, आणि ते वाटतं त्याहून कॉमन आहे. दुसरं म्हणजे कायनेजमध्येच नवीन म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल. सगळ्यात कुप्रसिद्ध टी३१५आय: ३१५ नंबरच्या जागी थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन येतं, बदल एवढासाच, पण इमॅटिनिबला तिथे धरायला जागा उरत नाही आणि नंतर आलेली बरीच औषधं पण तिथेच अडतात. त्यासाठी २०१२ मध्ये पोनॅटिनिब आलं. २०२१ मध्ये आलेलं ॲसिमिनिब तर नेहमीची जागा सोडून कायनेजच्या भलत्याच कप्प्यात बसतं आणि तिथून त्याला बंद करतं. मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात हुशारीचं काम हेच वाटतं, कारण नॉर्मल एबीएल स्वतःला आवरतं ते त्याच कप्प्याच्या मदतीने, औषधाने फक्त त्याची नक्कल केली.

रिपोर्टमध्ये जॅक२ पॉझिटिव्ह आहे. ल्युकेमिया झाला का?

घाबरू नका, बहुतेक वेळा नाही. जॅक२ व्ही६१७एफ हे म्युटेशन मुख्यतः मायलोप्रोलिफरेटिव्ह आजारांमध्ये, म्हणजे बोनमॅरो रक्तपेशी जास्त बनवते अशा आजारांमध्ये सापडतं. पॉलिसायथेमिया व्हेरा, ज्यात तांबड्या पेशी जास्त होतात, त्यात साधारण ९५ टक्के पेशंटमध्ये, आणि प्लेटलेट वाढण्याच्या किंवा मायलोफायब्रोसिसच्या (बोनमॅरोत चट्टे पडण्याच्या) आजारात साधारण निम्म्यांमध्ये. २००५ मध्ये चार वेगवेगळ्या टीमनी जवळपास एकाच वेळी हे शोधलं. जॅक२ च्या एका भागाचं कामच दुसऱ्या भागाला आवरून धरायचं असतं, आणि म्युटेशन नेमकं त्या आवरणाऱ्या भागात होतं. वर सांगितलं तसं तीन-तीन फॅक्टरचे रिसेप्टर हेच कायनेज वापरतात, म्हणून एकाच म्युटेशनमुळे कुणाच्या तांबड्या पेशी वाढतात तर कुणाच्या प्लेटलेट.

यातल्या काही लोकांमध्ये पुढे अक्यूट ल्युकेमिया होऊ शकतो, पण रोजचा खरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा असतो, आणि उपचार बऱ्याचदा त्यासाठीच असतात. जॅक अडवणारं रुक्सोलिटिनिब २०११ मध्ये मायलोफायब्रोसिससाठी आलं. त्याने प्लीहा लहान होते, घाम-ताप-थकवा कमी होतो, पण म्युटेशनवाल्या पेशी इमॅटिनिबसारख्या पुसल्या जात नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही.

वाढीचा सिग्नल जास्त असला की कॅन्सर होतोच का?

नाही. ईरो मँटिरँटा नावाचा फिनलंडचा स्कीपटू होता, १९६० च्या दशकात ऑलिम्पिकची सात मेडल मिळवलेला. त्याचं हिमोग्लोबिन इतकं जास्त असायचं की लोकांना संशय यायचा. १९९३ मध्ये कारण कळलं, त्याच्या एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरची आतली शेपटी म्युटेशनमुळे आखूड होती आणि सिग्नल थांबवायची सोय नेमकी त्याच शेपटीत असते. घराण्यातल्या बऱ्याच जणांत हेच म्युटेशन होतं, आणि कुणाला त्यापायी ल्युकेमिया झाला असं काही नाही. पेशी जास्त बनत होत्या पण नीट पिकत होत्या, वेळेवर मरत होत्या. अक्यूट ल्युकेमिया व्हायला एक बिघाड सहसा पुरत नाही.

अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात (एएमएलमध्ये) एकच गोळी का चालत नाही?

कारण सीएमएलच्या सुरुवातीला एक जीन सगळा कारभार चालवत असतो आणि एएमएलमध्ये तसं नसतं. २०१३ मध्ये २०० पेशंटच्या पेशींचा जीनोम वाचून आलेल्या मोठ्या अभ्यासात एका पेशंटमागे सरासरी १३ जीन्समध्ये म्युटेशन दिसली, आणि त्यातली सगळी सगळ्या पेशींमध्ये नसतात. आधी एक होतं, त्याची पिल्लावळ वाढते, त्यातल्या एका फांदीत दुसरं होतं, दुसऱ्या फांदीत तिसरं. एफएलटी३ साधारण ३० टक्के एएमएल पेशंटमध्ये बिघडलेलं असतं, बहुतेकांत जीनचा एक तुकडा दोनदा छापला जातो, त्याला आयटीडी म्हणतात, आणि त्यामुळे रिसेप्टर कायम चालू राहतो. पण ही बऱ्याचदा उशिरा आलेली फांदी असते. औषधाने ती कापली तरी खालचं खोड राहतंच.

म्हणून एफएलटी३ ची औषधं किमोच्या जोडीने देतात, उदाहरणार्थ २०१७ मध्ये आलेलं मिडोस्टॉरिन. आजार उलटल्यावर गिल्टेरिटिनिब एकटंही देतात, ते २०१८ चं. सिटाराबिन (सात दिवस) आणि डॉनोरुबिसिनची (तीन दिवस) "सात अधिक तीन" ही १९७३ पासूनची किमो अजून पायाशी आहे ती उगाच नाही. वय जास्त असलेल्या, ती किमो न झेपणाऱ्या लोकांसाठी व्हेनेटोक्लॅक्स आणि ॲझासिटिडिनची जोडी आली. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ ला अडवतं, म्हणजे मरण टाळणाऱ्या प्रोटीनला. २०२० च्या ट्रायलमध्ये सरासरी आयुष्य, म्हणजे मेडियन, ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेलं. आकडा बघून कुणी म्हणेल एवढंच? पण या वयोगटात बरीच वर्षं काहीच हलत नव्हतं.

पेशी मारण्याऐवजी पिकवता येतात असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल, यात १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल होऊन पीएमएल-आरएआरए नावाचं प्रोटीन बनतं, आणि ते पिकण्याचे जीन दाबून ठेवतं. व्हिटॅमिन ए पासून बनलेला एक रेणू, एटीआरए, मोठ्या डोसमध्ये दिला की तो दाब सुटतो आणि ब्लास्ट चक्क पिकून न्यूट्रोफिल होतात. शांघायमध्ये वांग झेनयी यांनी १९८० च्या दशकात हे पेशंटमध्ये करून दाखवलं, १९८८ च्या पेपरमध्ये २४ पेशंट होते, २३ नुसत्या एटीआरएवर रेमिशनमध्ये गेले, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला, एकाला थोडी किमो जोडावी लागली. दुसरीकडे हार्बिनमध्ये झांग टिंगडाँग आर्सेनिक वापरत होते. हो, तेच आर्सेनिक, विष म्हणून माहीत असलेलं. ते त्या प्रोटीनचा पीएमएल भाग धरून त्याला नष्ट करवतं. २०१३ च्या ट्रायलमध्ये कमी आणि मध्यम रिस्कच्या पेशंटना किमो न देता नुसतं एटीआरए आणि आर्सेनिक दिलं, तर दोन वर्षांनी ९७ टक्के लोक आजार न उलटता ठीक होते.

पण एपीएलमध्ये सुरुवातीचे काही दिवस रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी जीन रिपोर्टची वाट न बघता एटीआरए सुरू करतात. तुमच्या घरात कुणाला असं झटपट सुरू केलं तर डॉक्टर घाई करतायत असं समजू नका.

आयडीएच१ आणि आयडीएच२ या जीन्सच्या म्युटेशनवरची औषधं पण पिकवण्याच्याच वाटेने चालतात, म्हणून त्यांचा परिणाम दिसायला कधीकधी महिने लागतात.

किमोनंतर जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, त्याने ल्युकेमियाच्या पेशींनाच खतपाणी नाही का मिळणार?

शंका रास्त आहे, डॉक्टरांनाही आली होती आणि म्हणूनच ट्रायल झाल्या. एएमएलमध्ये किमोनंतर दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, फायदा म्हणजे न्यूट्रोफिल काही दिवस लवकर वर येतात. कधी द्यायचं, कधी नाही हे तरी डॉक्टरच ठरवतात. स्टेम सेल दान करणाऱ्या निरोगी लोकांना पण हेच इंजेक्शन काही दिवस देतात, आणि त्यांच्यात ल्युकेमिया वाढल्याचं दीर्घकाळच्या पाहणीत दिसलेलं नाही.

हा आजार घराण्यातून येतो का? लहान मुलांना कसा होतो?

संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. आणि बहुतेक वेळा आनुवंशिकही नाही. म्युटेशन जन्मानंतर एखाद्या रक्तपेशीत झालेलं असतं, मुलांना दिलं जात नाही. अपवाद आहेत, रनएक्स१, सीईबीपीए, गाटा२ या जीन्सचे काही बदल घराण्यात चालतात, म्हणून भावंडाकडून बोनमॅरो घ्यायच्या आधी कधीकधी त्याचीही जीन तपासणी करतात.

लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची गोष्ट जरा वेगळी आहे. जुळ्यांच्या अभ्यासातून आणि जन्मावेळी घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबांवरून संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांनी दाखवलं की ईटीव्ही६-रनएक्स१ हा जोडजीन बऱ्याचदा बाळ पोटात असतानाच तयार झालेला असतो. पण तो घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना ल्युकेमिया होतच नाही, पुढे दुसरा बिघाड व्हावा लागतो. थोडक्यात, आईने काय खाल्लं, काय केलं याच्याशी त्याचा संबंध लावून स्वतःला दोष देऊ नका, प्लीज.

मला काहीच आजार नाही, तरी रक्तात म्युटेशन सापडलं. हे काय?

वयाप्रमाणे हे होतं. सत्तरीच्या पुढच्या साधारण १० टक्के लोकांच्या रक्तात डीएनएमटी३ए, टेट२ अशा जीन्समध्ये म्युटेशन असलेल्या पेशींचा एक गट सापडतो, काउंट सगळे नॉर्मल असताना. २०१४ मध्ये मोठे अभ्यास आले तेव्हा हे नीट कळलं. ल्युकेमिया होण्याची शक्यता वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का, आणि गंमत म्हणजे हार्ट अटॅकचाही धोका वाढतो कारण या पेशी जास्त दाह करतात. सध्या यावर गोळी नाही, काउंटवर लक्ष ठेवायचं आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉल सांभाळायचं.

ब्लास्ट शून्य झाले, मग उपचार चालूच का?

मायक्रोस्कोपखाली शून्य म्हणजे खरंच शून्य नाही. डोळ्याने बघून पाच टक्क्यांच्या खाली ब्लास्ट असले की रेमिशन म्हणतात, पण पीसीआर किंवा फ्लो सायटोमेट्रीने (लेझरने एकेक पेशी तपासून) दहा हजारांत एक पेशीही पकडता येते. अशा उरलेल्या आजाराला एमआरडी (मेझरेबल रेसिड्युअल डिसीज) म्हणतात. पुढे किती किमो, ट्रान्सप्लांट लागेल की नाही, हे आता बऱ्याच ठिकाणी त्या आकड्यावरून ठरतं.

"ल्युकेमियावर इलाज सापडला" अशा बातम्या किती खऱ्या धरायच्या?

पहिलं बघा, प्रयोग पेशींवर झालाय, उंदरांवर की माणसांवर. मग बघा कुठला ल्युकेमिया, कुठलं म्युटेशन. २०२४ च्या शेवटी केएमटी२ए नावाच्या जीनच्या बिघाडासाठी रेव्हुमेनिब मंजूर झालं, चांगली गोष्ट आहे, पण ते म्युटेशन नसलेल्या पेशंटने त्या बातमीवर आशा लावून चालू उपचार थांबवणं म्हणजे आत्मघात. बातमीचं कात्रण डॉक्टरांना जरूर दाखवा आणि सरळ विचारा, "आमच्या रिपोर्टमधलं म्युटेशन हेच आहे का?"

रिपोर्टमध्ये एका जीनपुढे "व्हीयूएस" लिहिलंय. ते काय असतं?

व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. जीनमध्ये बदल दिसला, पण तो आजाराशी संबंधित आहे की नुसता माणसामाणसातला फरक आहे हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर उपचार ठरवत नाहीत. मात्र जुना रिपोर्ट फेकू नका, फाइलला लावून ठेवा, काही वर्षांनी जास्त डेटा जमल्यावर लॅब असे बदल पुन्हा तपासून निरुपद्रवी किंवा महत्त्वाचा असं ठरवतात.